पाणी मुरतंय कुठे

अक्काच्या डोक्यातलं पाणी बंद झालं ते शुक्रवारी, चहा गाळताना.

गाळणी हातात, भांड्यातून वाफ, आणि एकदम शांत. पाच महिने डाव्या कानामागे अहोरात्र चाललेली ती सूंऽसूं, सूंऽसूं अशी थांबली, की जणू कुणीतरी जिना उतरून खाली गेलं आणि मेन व्हॉल्व्ह फिरवून आलं. अक्का होती तिथेच उभी राहिली. चहा कपाबाहेर गेला, ओट्यावरून ओघळला, पायावर पडला, तेव्हा कुठे बाई भानावर आल्या. मग तिला फ्रिजची घरघर ऐकू आली. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली, तेही ऐकू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा जगाचा आवाज जगातून येत होता.

आणि तिने कुणालाही सांगितलं नाही.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना कान लावून ‘खरं बोल’ म्हणणारी, स्वतःच्या बाबतीत मात्र भित्री भागूबाई. बोललं की परत सुरू होईल, असं तिला वाटलं. शनिवारी नाही बोलली, रविवारी नाही बोलली. आणि सोमवारी सकाळी आरशात बघते तो काय, डावा डोळा लालबुंद, पापणी सुजून बोराएवढी, आणि बुबुळ असं पुढे आलेलं की डोळ्यालाच काहीतरी विचारायचंय!

ती जिना उतरून खाली दादाच्या स्वयंपाकघरात आली. रोजचा तिचा पहिला चहा तिथेच व्हायचा. टेबलाशी सगळे जमलेले. सोमवारी सकाळी साडेआठला सगळे म्हणजे नक्कीच काहीतरी शिजलेलं, आणि ते चुलीवर नव्हे.

“वहिनी, चहा?”

वहिनीने दादाकडे बघितलं. दादाने खिडकीबाहेर बघितलं.

“चहा नाही मिळणार, अक्का,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला उपाशी राहायचंय.”

“कशासाठी? मी काय पाप केलं?”

“बाराला हॉस्पिटलात पोचायचंय,” दादा म्हणाला. “मघाशी तू जिन्यातल्या बेसिनवर तोंड धूत होतीस तेव्हाच बघितला मी डोळा. फोन करून टाकला. सांगितलं, डोळा सुजलाय, आवाज वाढलाय. म्हटलं, बाराला येतो, तयारी ठेवा. आज तार घालून घ्यायची. हातानं दाबण्याचं नाटक पुरे झालं.”

“आवाज वाढलाय?” अक्का म्हणाली. “कुणाचा?”

आता हे नाटक काय होतं ते सांगायला सहा आठवडे मागे जावं लागतं, आणि त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पडलेल्या भोकांचं सांगायला तीन महिने.

या घराचा धंदा गळती शोधण्याचा. कुठल्याही इमारतीत पाणी मुरायला लागलं, छताला ओल आली, मीटर उगाच पळायला लागला, की लोक यांना बोलवायचे. नळ बसवणारे गावात शंभर असतील, पण भिंत न फोडता आत नेमकं कुठे फुटलंय ते सांगणारं घर हे एकच. हत्यार एक. हातभर लांब पोलादी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. टोक भिंतीला, वाटी कानाला. बाबांनी तिला नाव दिलं होतं कानकाठी. बाबा गेल्यावर ती दादाकडे आली. दादा काठी लावणार, डोळे मिटणार, मनात वीसपर्यंत मोजणार, आणि मग खडूने फुली मारणार. अक्का शेजारी उभी. तीही भिंतीला कान लावून ऐकायची, पण फुली दादाची. दादाचा कान म्हणजे निकाल. त्यावर अपील नाही. आणि धाकटा भाऊ फुलीवर छिन्नी मारणार. धाकट्याचं लहानपणापासूनचं नाव वॉशर. एक तर तो गोल होता, दुसरं म्हणजे दोन मोठ्यांच्या मध्ये कायम चेपला जायचा, आणि तिसरं म्हणजे तो मध्ये नसेल तर दोन्ही बाजूंनी गळायला लागायचं.

तीन महिन्यांपूर्वी अक्का याच स्वयंपाकघरात बसली असताना म्हणाली, “दादा, तुझ्या भिंतीत पाणी चाललंय.” तिला स्पष्ट ऐकू येत होतं. दादाने काठी लावली, डोळे मिटले, म्हणाला, “आहे.” फुली. वॉशरने फोडलं. कोरडं ठाक. अक्का म्हणाली, “अजून येतंय, जरा डावीकडे.” दादाने काठी लावली. “आहे.” फुली. फोडलं. कोरडं. तिसऱ्यांदाही तेच. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, “लोकांच्या भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला भोकं!”

मग अक्काचा डोळा लाल व्हायला लागला. डोळ्याच्या डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे मांडीतून तार घालून डोक्यातल्या नळ्यांचा फोटो काढला, आणि तरुणशा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. हृदयाकडून जोरात रक्त नेणारी एक बारीक नळी, आणि हळूहळू रक्त परत आणणारी एक नीला, दोघींचा डोळ्यामागे, मेंदूच्या शेजारी, नको तिथे जोड झालाय. जोराचं रक्त हळूच्या नळीत घुसतंय. म्हणून डोळा लाल, म्हणून कानात आवाज.

“म्हणजे प्रेशरची लाइन ड्रेनेजला जोडली!” वॉशर इतका खूश होऊन ओरडला की बाहेरची नर्स आत डोकावली.

“अगदी तसंच,” डॉक्टरीणबाई हसल्या.

वहिनी हसली नाही. तिने हिशेब लावला. “म्हणजे गळती यांच्या डोक्यात होती, आणि फोडली माझी भिंत? काखेत कळसा आणि गावाला वळसा!” तिने दोन भोकं बुजवून घेतली. तिसरं मुद्दाम ठेवलं. त्यात ती काड्यापेटी ठेवायची.

त्या दिवशी वहिनीच्या हिशेबावर सगळे हसले. अक्काही हसली. पण रात्री पडल्या पडल्या तिला एक गोष्ट सुचली आणि तिचं हसू मावळलं. आवाज तिच्या डोक्यात होता. मग दादाने भिंतीत काय ऐकलं? आणि तेही तीनदा?

तिने ते कुणाला विचारलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही. पण तेव्हापासून ती दादाकडे बघायला लागली. आणि बघितलं की दिसतंच. ‘बोलायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायचं’ हा दादाचा जुना कायदा. कामावरच्या माणसांना तो कडक शिस्तीचा वाटायचा. अक्काला आता तो वेगळा वाटायला लागला होता.

तर ते नाटक. डॉक्टरीणबाईंनी दोन उपाय सांगितले होते. एक, पुन्हा तार घालून तो जोड आतून बुजवायचा. चांगला उपाय, पण धोका थोडा का होईना असतो, आणि तो डोळ्याला आणि मेंदूला असतो. दुसरा उपाय ऐकून सगळ्यांना वाटलं बाई थट्टा करतायत. सुई नाही, कापणं नाही, काही नाही. खुर्चीत बसायचं, मानेतली डावी धमनी बोटांनी दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. जागेपणी दर तासाला चार-पाच वेळा. दाब कमी झाला की जोडात रक्त रेंगाळतं, रेंगाळलं की गोठतं, आणि जोड आपला आपण बुजतो. बुजतोच असं नाही. पण अक्काचा जोड लहान होता, रक्त मेंदूकडे उलटं जात नव्हतं, आणि मानेची नळी आतून स्वच्छ आहे हे आधी तपासून घेतलं होतं.

“मात्र दाबायचं उजव्या हातानं,” त्या म्हणाल्या. “डावी बाजू, उजवा हात. उलटाच हात.”

“का?” मास्तरीणबाईंनी विचारलं. मास्तरीणबाई म्हणजे वॉशरची बायको, शाळेत गणित शिकवायची आणि घरात प्रश्न विचारायची.

“कारण डावा मेंदू उजवा हात चालवतो. डाव्या मेंदूला रक्त कमी पडलंच, तर पहिल्यांदा उजवा हात लुळा पडतो. लुळा पडला की मानेवरून सुटतो. सुटला की रक्त सुरू.”

 मग तिघं भावंडं एकदम म्हणाली, “सेफ्टी व्हॉल्व्ह!”

वॉशरचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला, तशी मास्तरीणबाईंनी त्यावर चापट मारली. “बरोबर केलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांचं बघून दुसऱ्या कुणी करायचं नाही. नळीत आतून कीट साचलं असेल तर जिवावर बेतेल.”

तेव्हापासून सहा आठवडे अक्काचा उजवा हात दर थोड्या वेळाने मानेकडे जायचा. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, बँकेच्या बाकावर बसून. एकदा शेजारणीने विचारलं, “घसा दुखतो का हो?” अक्का म्हणाली, “नाही, व्हॉल्व्ह बंद करतेय.” शेजारीण परत आली नाही.

आणि आता हा सोमवार.

“आवाज वाढला नाहीये,” अक्का म्हणाली. “आवाज बंद झालाय. शुक्रवारी.”

“शुक्रवारी?” वहिनी म्हणाली. “आणि आज सोमवारी सांगताय?”

“खात्री करत होते.”

“तीन दिवस?” मास्तरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. “अक्का, रागावू नका, पण डोळा बघा स्वतःचा. परवापर्यंत गुलाबी होता. आज बघवत नाही. आवाज बंद झाला तर डोळा उतरायला हवा ना? चढतोय कसा?”

“ते मला काय माहीत? मी डॉक्टर आहे का?”

“तारेची भीती वाटतेय तिला,” दादा म्हणाला. “सरळ आहे. म्हणून म्हणतेय बंद झालाय.”

“दादा, मी खोटं बोलते?”

“भ्यायलेला माणूस काहीही बोलतो.” दादाने स्वतःचा पंजा समोर धरला. “बाबा नाही बोलले? हाताला मुंग्या आल्या तर म्हणाले, काही नाही, पाना धरून धरून आल्यात. मी म्हणालो, बरं, उद्या बघू. उद्या काय बघितलं आपण?”

बाबा त्याच रात्री गेले होते.  वहिनीचा चेहरा बदलला. आत्तापर्यंत ती निदान चहाच्या बाबतीत तरी अक्काच्या बाजूची होती, आता ती उठून नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“हे बरोबर बोलतायत, अक्का. तार तर तार. झोपेतच घालतात.”

“तार घालायला नाही म्हणत नाही मी,” अक्का म्हणाली. “हॉस्पिटलात जायलाही नाही म्हणत नाही. डोळा असा झाल्यावर जायलाच हवं, आत्ता जाऊ. पण तिथे जाऊन खरं सांगू. आवाज वाढलाय असं सांगितलं तर त्या पोरी बिचाऱ्या तार तयार ठेवून बसतील. जोड बुजला असेल तर कशाला घालायची तार माझ्या मेंदूपर्यंत? हौस म्हणून?”

“तिकडे तपासतीलच की आधी,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“गेल्या वेळी कसं तपासलं? तार घालूनच ना? आणि सहा तास मांडीवर वाळूची पिशवी ठेवून आडवी पाडली होती.”

मास्तरीणबाईंना हे पटलं. पटलं की त्या प्रामाणिकपणे बाजू बदलायच्या, हा त्यांचा मोठा गुण. त्या खुर्ची ओढून अक्काच्या शेजारी बसल्या. “मग ऐकून बघा ना,” त्या म्हणाल्या. “आवाज आहे की नाही एवढंच ठरवायचंय ना? डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर नळी ठेवून ऐकला होता की त्या दिवशी. तुमच्या घरात चाळीस वर्षं काय करतात सगळे? कानकाठी कुठाय?”

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! गळतीवाल्यांच्या घरात गळती ऐकायची सोडून भांडण चाललं होतं. वॉशर धावत जाऊन काठी घेऊन आला. अक्काने टोक आपल्या डाव्या भुवईच्या हाडावर धरलं, हळूच. सगळ्यांनी श्वास रोखले. फ्रिज बंद केला.

वॉशरने वाटी कानाला लावली. बराच वेळ ऐकलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “खरंच काही नाही. गेल्या महिन्यात मी ऐकलं होतं तेव्हा चक्की चालल्यासारखं येत होतं.”

वहिनीने लावली. तीस वर्षं या घरात काढून तिलाही आता वाहतं पाणी ओळखता यायचं. “मलाही नाही येत,” ती नवलाने म्हणाली.

मग दादाने हात पुढे केला. त्याने वाटी लावली, डोळे मिटले. वीस मोजले. डोळे उघडले, आणि अक्काच्या लाल डोळ्याकडे बघितलं.

“आहे,” तो म्हणाला. “बारीक आहे, पण आहे.”

“पण दादा...” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“आहे म्हणतो ना.”

वॉशरने कान चोळला. “असेल,” तो म्हणाला. “आता तू म्हणतोस तर... मलाही शेवटी शेवटी काहीतरी सूं झाल्यासारखं वाटलं.”

“वॉशर!” अक्का म्हणाली.

“अगं दादाचा कान आहे तो, अक्का! मी आपला छिन्नीवाला.”

“हो बाई,” वहिनी म्हणाली, “मला तरी कुठे कळतं एवढं.”

झालं. दोनास एक असलेला निकाल डोळ्यांदेखत उलटला. टेबलाच्या एका बाजूला आता तिघं, दुसऱ्या बाजूला अक्का आणि गणिताच्या मास्तरीणबाई, आणि भिंतीतल्या भोकात काड्यापेटी. अक्काने त्या भोकाकडे बघितलं. एक वाक्य बोललं की संपलं असतं. ‘दादा, त्या भिंतीत तू काय ऐकलं होतंस?’ एवढंच. पण ते वाक्य बोललं की दादाचं काय उरलं असतं? साठी ओलांडलेला माणूस, धाकटा भाऊ समोर, बायको समोर, धाकटी भावजय समोर. आणि न बोललं तर आपण टेबलावर आडव्या. एका बाजूला स्वतःचा डोळा, दुसऱ्या बाजूला भावाचा कान. आपलेच दात, आपलेच ओठ.

“सगळे बाहेर जा,” ती म्हणाली.

“का?”

“दादाला एकट्याला ऐकू दे नीट. माणसांच्या गर्दीत काय ऐकणार? गाडी काढा, पिशवी भरा, माझी जुनी कागदपत्रं घ्या. दहा मिनिटं.”

ते गेले. दार लोटलं. अक्काने खुर्ची दादाच्या समोर ओढली, काठीचं टोक भुवईला लावलं. “ऐक,” ती म्हणाली. दादाने वाटी कानाला लावली आणि डोळे मिटले.

अक्काने टोक भुवईवरून हळूच उचललं आणि काठी चिमटीत पकडून ते हवेत धरलं.

“दादा,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “काठी कुठेच टेकलेली नाहीये.”

दादाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याचे ओठ आकडे मोजत होते. अठरा. एकोणीस. वीस.

“आहे,” तो म्हणाला आणि त्याने डोळे उघडले.

त्याने टोकाकडे बघितलं. अक्काच्या चिमटीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यापासून ते चांगलं वीतभर लांब होतं. बाहेर वॉशर गाडीची किल्ली शोधत होता आणि सापडत नव्हती म्हणून गाडीलाच बोलत होता.

“कधीपासून?” अक्काने विचारलं. समोरून, तोंड दिसेल असं.

दादाने काठी टेबलावर ठेवली. “चार वर्षं झाली असतील. जाड आवाज येतात. बारीक गेले आधी. मग पाण्याचा गेला.” तो जरा थांबला. “समोर कुणी बोललं की कळतं. फोनवर नाही. सकाळी मी फक्त माझं सांगितलं आणि ठेवून दिला. ती बाई काय विचारत होती देव जाणे.”

“आणि चार वर्षं फुल्या कशा मारल्यास?”

“तू शेजारी असतेस ना.” तो हे इतक्या सहज म्हणाला की अक्काला हसावं की रडावं कळेना. “काठी सरकवत न्यायची आणि तुझ्याकडे बघायचं, डोळे मिटायचे ते नंतर. गळतीपाशी आलं की तू डावा पाय मागे घेतेस. लहानपणापासून. पाणी अंगावर उडेल म्हणून.”

अक्काने स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. अठ्ठावन्न वर्षं त्या पायाने तिला विचारलं नव्हतं.

“पण ही भिंत?” तिने भोकाकडे बोट केलं. “तिथे तर काहीच नव्हतं. तीनदा ‘आहे’ म्हणालास.”

“तू म्हणालीस आहे. तू म्हणालीस म्हणजे असणारच.”

“मग आज मी म्हणतेय, नाही.”

दादा तिच्याकडे बघत राहिला. तिचं वाक्य त्याला ऐकू आलं की ओठांवरून कळलं कोण जाणे, पण आत पोचलं. पाणी जमिनीत मुरतं तसं हळूहळू पोचलं.

“डोळा मग असा का?” त्याने विचारलं. ही आता भांडणाची भाषा नव्हती. घाबरलेल्या मोठ्या भावाची होती. “मला तुझं काही ऐकू येत नाही, अक्का. फक्त दिसतं. आणि दिसतंय ते भयंकर आहे.”

“मलाही भीती वाटतेय. म्हणून तर चल म्हणतेय. पण सांगायचं ते खरं सांगू.”

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. “तू बोल.”

ती बोलली. पलीकडच्या बाईने चार प्रश्न विचारले, सकाळीही हेच विचारलं होतं म्हणाल्या, पण फोन ठेवला गेला. आवाज कधी थांबला, दिसतं कसं, डोकं दुखतं का, हातपाय चालतात का. लगेच या म्हणाल्या. काही खाऊ-पिऊ मात्र नका. म्हणजे चहा नाहीच!

“यांना सांगणार आहेस?” दादाने दाराकडे बघत विचारलं.

“मी नाही सांगणार. सांगायचं तर तू सांग.”

दादाने दार उघडलं. “आवाज बंद आहे,” तो म्हणाला. “माझा कान चुकला.”

वॉशरच्या हातातून किल्ली पडली. जन्मात पहिल्यांदा त्याने हे वाक्य ऐकलं होतं. “म्हणजे... मला वाटलंच होतं!” तो म्हणाला. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो किल्ली उचलायला खाली वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आधी अक्काला बोटं मोजायला लावली, हात उचलायला लावले, मग मिटलेल्या पापणीवर नळीची चकती टेकवून ऐकलं. एकदा, दोनदा. मग कपाळावर, कानामागे. मग तिला त्या ठोकठोक करणाऱ्या मोठ्या यंत्रात सरकवलं. तार नाही, पिशवी नाही. दोन तासांनी सगळे एका छोट्या खोलीत बसले होते, कोपऱ्यात बेसिन, भिंतीवर डोळ्याचं चित्र, आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडून थेट तशाच आलेल्या, तोंडावर मास्क.

“जोड बुजलाय,” त्या म्हणाल्या. “चित्रात आता दिसत नाही.”

वहिनीने अक्काचा हात इतका जोरात दाबला की त्या हाताचं रक्त थांबलं असावं.

“आणि डोळा?” मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांना हा प्रश्न सकाळपासून टोचत होता.

“बुजताना पुढची नीलाही गोठते. रक्ताला जायला वाट राहत नाही, मग डोळा काही दिवस आणखी चिडतो. वाईट दिसतं, पण जोड बुजतोय त्याचीच ती खूण असते. मात्र खूण आहे असं घरी बसून ठरवायचं नाही, लगेच यायचं, हे बरोबर केलंत. आतला दाब वाढलाय, त्याला थेंब देते. चार दिवसांनी परत दाखवा. आणि अक्का, आता मान दाबणं बंद.” मग त्या दादाकडे वळल्या. “सकाळचा पहिला फोन तुम्ही केला होता ना? आवाज वाढलाय असं कुणाच्या सांगण्यावरून म्हणालात?”

दादा त्यांच्या मास्ककडे बघत होता. निळा, घट्ट, डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत. तो बघत राहिला. खोलीत सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वॉशरने सवयीने तोंड उघडलं, मध्ये पडायला, पण अक्काने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला.

“जरा मास्क खाली घेता का?” दादा म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”

 कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता. टप्. टप्.

“म्हणजे कमी येतं,” तो पुढे म्हणाला, आणि आता तो डॉक्टरीणबाईंकडे नव्हे, वॉशरकडे बघत होता. “चार वर्षं झाली. काठी मी नुसती धरतो. ऐकते ही.”

वॉशरचं तोंड उघडंच राहिलं. मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात तीन भोकं मोजली, आणि त्यांचा चेहरा गणित सुटल्यासारखा झाला. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केला, आणि तोंड नीट दिसेल अशा बेताने सांगितलं की कानाचे डॉक्टर याच मजल्यावर आहेत, डावीकडे तिसरं दार.

वहिनीला मात्र या सगळ्यातला वेगळाच भाग लागला होता.

“चार वर्षं?” ती म्हणाली. “आणि मी चार वर्षं समजतेय की हे माझं मुद्दाम ऐकत नाहीत! दोनदा अबोला धरला मी! आठ आठ दिवस!”

“काय म्हणालीस?” दादाने विचारलं.

“काही नाही!” वहिनी ओरडली, इतक्या जोरात की बाहेरची नर्स पुन्हा आत डोकावली. मग तिने पदराने डोळे टिपले, दादाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर दाखवत म्हणाली, “तिसरं दार. चला.”

ती दोघं गेली. वॉशर त्यांच्या मागे गेला, कारण कुणीतरी मध्ये हवंच. मास्तरीणबाई थेंबांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे गेल्या.

अक्का खोलीत एकटी राहिली. सवयीने तिचा उजवा हात मानेकडे निघाला आणि वाटेत थांबला. त्याला आता तिथे काही काम नव्हतं. टप्, टप् चालूच होतं. तिने उठून बेसिनचा नळ नीट आवळला, थांबेपर्यंत. मग तिच्या लक्षात आलं की डावा पाय आपोआप मागे गेलाय, आणि त्या रिकाम्या खोलीत ती एकटीच मोठ्याने हसली.